गाऊन, मिस्सा आणि सुकेळी: वसईच्या ख्रिस्ती कॉलेजातून पदवी घेणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी उजाडला की आमच्या माजी विद्यार्थी संघाच्या ग्रुपवर दर वर्षी तोच मेसेज येतो: "ताई, डिग्री नक्की कधी मिळणार?" विचारणारा पोरगा मागच्या पावसाळ्यातच पास झालेला असतो. अंधेरीला नोकरीला लागून लोकलचा पासही त्याने दोनतीनदा काढलेला असतो, आणि घरी आजी रोज विचारत असते, काळ्या डगल्यातला फोटो कधी?

मी वसईच्या एका कॅथलिक कॉलेजात शिकले. मी ख्रिस्ती नाही आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे या दिवसांत काय असतं, कुठे उभं राहायचं, कुणाला काय म्हणायचं, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. आता संघाचं चिटणीसपद माझ्याकडे आहे आणि तेच प्रश्न फिरून माझ्याकडे येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी हा घोळ मिटवा

मार्चच्या आसपास कॉलेजात दोन कार्यक्रम जवळजवळ होतात आणि नवख्या पालकांना ते एकच वाटतात. पहिला निरोप समारंभ, म्हणजे फेअरवेल. तो टीवायच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, मुलांचा: साड्या, सेल्फी, ज्युनिअरांची भाषणं, थोडी रडारड. त्यांची शेवटची परीक्षा अजून व्हायची असते. दुसरा पदवी वितरणाचा. तो आदल्या वर्षी पास झालेल्यांचा. गाऊन या दुसऱ्यातच असतो. एक काका मुलीच्या फेअरवेलला सूट घालून, पेढ्यांचा खोका घेऊन गेटवर आले होते. पेढे आम्ही खाल्ले, पण काकांचं तोंड बघवत नव्हतं.

मुळात पदवी कॉलेज देत नाही, मुंबई विद्यापीठ देतं. मुंबई, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी ते खाली सिंधुदुर्गापर्यंतची कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. विद्यापीठ 1857 चं, तर गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज 1832 चं. म्हणजे कॉलेज 25 वर्षांनी मोठं, तरी पदवीवर मोहोर विद्यापीठाची. स्वायत्त कॉलेजं परीक्षा स्वतः घेतात, पदवी मात्र त्यांच्या मुलांनाही विद्यापीठाचीच मिळते. सहाव्या सेमिस्टरची परीक्षा उन्हाळ्यात, मग निकाल. विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ अलीकडे बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होतो. त्यानंतर प्रमाणपत्रांचे गठ्ठे कॉलेजात येतात आणि मग कॉलेज आपली तारीख ठरवतं.

थोडक्यात, गाऊन घालून स्टेजवर चढता तेव्हा तुम्ही माजी विद्यार्थी होऊन वर्ष होत आलेलं असतं. एवढं डोक्यात ठेवलं की त्या एका सुट्टीत काय काय उरकून घ्यायचं ते आपोआप सुचतं.

तारीख आणि जेवण

तारीख कॉलेज ठरवतं, पण वर्गाचं जेवण किंवा छोटं गेट-टुगेदर तुम्ही ठरवणार असाल तर दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा.

एक शिमग्याचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जी मुलं इथे राहून शिकली, ती पालखीला गावी जाणार म्हणजे जाणार. त्यांना "जमव ना यार" म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरं उपवासकाळाचं, ज्याला इंग्रजीत लेंट म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत चालतो. ईस्टर दर वर्षी सरकतो: 2026 मध्ये 5 एप्रिलला, 2027 मध्ये 28 मार्चला. म्हणून राखेचा बुधवार 2026 ला 18 फेब्रुवारीला, तर 2027 ला 10 फेब्रुवारीला. पदवी वितरण नेमकं याच दिवसांत येतं. या काळातल्या शुक्रवारी कॅथलिक घरांत मांस खात नाहीत, मासे-अंडी चालतात. राखेचा बुधवार आणि ईस्टरआधीचा पवित्र शुक्रवार हे तर उपासाचेच दिवस. आम्ही एका वर्षी अगदी हौसेने चिकन बिर्याणीची पाकिटं सांगितली. वार बघितला नाही. शुक्रवार निघाला. निम्मी पाकिटं टेबलावर थंड होत राहिली आणि ज्यांच्यासाठी केलं ती पोरं कॅन्टीनमध्ये वडापाव खात होती. फादर काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या वर्षीच्या मीटिंगला चर्चचं कॅलेंडर घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं.

तेव्हापासून शुक्रवार असला की कोलंबीचा पुलाव. कुणाचीच तक्रार नसते.

महिनाभर आधी: नाव तपासा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही याच्याचकडे. पदवीवर जे नाव छापून येतं ते कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या नोंदीतलं, तुमच्या आधारवरचं नाही. आपल्याकडे आडनावांची मोठी गंमत आहे. माझ्या वर्गमैत्रिणीचं शाळेच्या दाखल्यावर घोन्साल्विस, आधारवर गोन्सालवीस, आणि इंग्रजीत एकीकडे शेवटी 'ई एस', दुसरीकडे 'आय एस'. कॉलेजात तीन वर्षं कुणाचं काही अडलं नाही. ओमानच्या नोकरीचे कागद निघाले तेव्हा अडलं. डिसोजा की डिसोझा, परेराच्या आधी बापाचं नाव की नंतर, आईचं नाव आहे की गाळलंय, हे सगळं बघा. हे फक्त ख्रिस्ती नावांचं नाही. आमच्याकडच्या पाटील-म्हात्र्यांचीही मधली नावं उलटसुलट होतातच.

पदवी छापून येण्याआधी दुरुस्ती म्हणजे ऑफिसात एक अर्ज आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत. छापून आल्यावर तीच गोष्ट विद्यापीठाच्या फेऱ्यांवर जाते. आणि नावच बदललेलं असेल तर शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, छापून आणावं लागतं. तेव्हा निकाल लागल्या लागल्या मार्कशीट हातात घ्या आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. वाचायला घरातलं दुसरं माणूस बसवा. आपलं नाव आपल्याला नेहमी बरोबरच दिसतं.

समारंभाची नावनोंदणी वेगळी असते, तिची मुदत ऑफिसबाहेरच्या बोर्डवर लागते. यायला जमणार नसेल तर पदवी बुडत नाही, नंतर ऑफिसातून मिळते. दुसऱ्या कुणाला पाठवणार असाल तर सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत द्या.

त्या दिवशी

मार्चमधली वसई. हवेत घाम आणि गाऊन पॉलिस्टरचा. आत सुती घाला, पाण्याची बाटली ठेवा. मुंबईकडून येणाऱ्यांनी वसई रोडला उतरून पुढे बस किंवा शेअर रिक्षा धरावी. भाईंदरकडून गाडीने यायचं तर 2024 पासून रो-रो बोट आहे, महामार्गाचा वळसा वाचतो. फक्त बोटीची वेळ आधी बघून निघा.

गाऊन भाड्याचा असतो, डिपॉझिट परत मिळतं, पावती जपा. हूड नावाचा जो रंगीत पट्टा गळ्यात येतो त्याला पुढे एक बारीक लूप असतो. तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. साडी किंवा कुर्ता असला की बटण नाही, मग हूड मागे सरकत जातो आणि गळ्याला काच बसतो. मी स्टेजवर तशीच एका हाताने गळ्याशी हूड धरून गेले. फोटोत मला ठसका लागल्यासारखा दिसतो. दोन सेफ्टी पिना न्या, हूड खांद्यापाशी ब्लाउजला टाचा.

प्रमाणपत्र डाव्या हातात घ्यायचं, उजवा हात हस्तांदोलनाला मोकळा. पाहुणे म्हणून बिशप आले असतील तर काही कॅथलिक मुलं वाकून त्यांच्या अंगठीचं चुंबन घेतात. तुम्ही नाही घेतलंत तरी कुणाला वावगं वाटत नाही, नमस्कार पुरे. धर्मगुरूंना "फादर", नन्सना "सिस्टर". आमच्या आजीने एका सिस्टरना "बाईमहाराज" म्हटलं होतं आणि त्या दिवसभर खूश होत्या, पण तुम्ही सिस्टरच म्हणा.

इंग्रजीची धास्ती घेऊन येणारे पालकही बरेच. उगाच. सूत्रसंचालनात इंग्रजी असतं, पण पटांगणात सगळं मराठी, त्यातही कुपारी आणि वाडवळी या इथल्या बोली. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. इथे मराठीला संकोच करायचं कारण नाही.

मिस्सा असेल तर

बऱ्याच कॅथलिक कॉलेजांत समारंभाआधी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, असतो. सक्ती नसते. प्रोटेस्टंट परंपरेतल्या कॉलेजात त्याऐवजी छोटी भक्तिसभा किंवा नुसती प्रार्थना. मला विचाराल तर जरूर जा. तीन वर्षं त्या घंटेच्या आवाजावर लेक्चर सुटायचं, एकदा आत बसून बघायला काय हरकत आहे.

रीत सोपी आहे. चपला काढायच्या नाहीत. हे पायांना पटत नाही, मला माहीत आहे. माझ्या आईने दारात काढल्याच, आणि बाहेर येईपर्यंत तिचं अर्धं लक्ष तिकडेच. मोबाइल बंद. मागच्या बाकांवर बसा, म्हणजे पुढचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकले तर तुम्ही शांत बसून राहिलात तरी चालतं. मध्येच एकदा सगळे शेजाऱ्याकडे वळून हात जोडतात आणि शांतीच्या शुभेच्छा देतात, तेव्हा तुम्हीही नमस्कार करा.

आणि कम्युनियन. लोक रांगेने पुढे जाऊन पांढरी गोल भाकर घेतात, ते. ती प्रसादासारखी सगळ्यांना नसते. कॅथलिक श्रद्धेत ते ख्रिस्ताचं शरीर आहे आणि त्यासाठीची तयारी केलेले कॅथलिकच ते घेतात. आपल्याकडे कुणी प्रसाद पुढे केला तर नाही म्हणणं अपमानाचं वाटतं, म्हणून आपली माणसं भाबडेपणाने रांगेत उभी राहतात. इथे बसून राहणं हाच मान. रांग तुमच्या बाकावरून जाताना पाय आत घ्या, झालं.

प्रार्थना मराठीत असते. पूर्वी जगभर ती लॅटिनमध्ये होती. 1962 ते 65 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषांना वाट मिळाली. 1998 पासून वसईचा धर्मप्रांतही मुंबईपासून वेगळा आहे. "हे आमच्या स्वर्गातील बापा" सुरू झालं की मागच्या बाकावरची आमची अर्धी बॅच तोंडपाठ म्हणते. सगळी जोशी, राऊत नि शेख.

किल्ल्यातले फोटो

गाऊन परत करण्याआधी सगळी वरात किल्ल्यात जाते. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेतलेला हा किल्ला आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. मोबाइलवर फोटो काढा हवे तेवढे, पण ट्रायपॉड, ड्रोन किंवा पैसे देऊन आणलेला फोटोग्राफर असेल तर आधी परवानगी लागते, नाहीतर रखवालदार उठवतो. पडक्या भिंतींवर चढू नका. गोन्सालो गार्सिया यांच्या नावाच्या चर्चपाशी गेलात तर टोपी हवेत उडवण्याआधी आत कुणी प्रार्थना करतंय का बघा. ते वसईचेच, 1597 मध्ये जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं आणि 1862 मध्ये संत म्हणून जाहीर केलं. दुपारी दोनला ऊन डोक्यावर असतं. चारनंतर जा.

त्याच दिवशी उरकायची कागदं

सुट्टी टाकून आलाच आहात, तर ऑफिस बंद व्हायच्या आत हे उरका.

लायब्ररीचं आणि कॉशन मनीचं डिपॉझिट बाकी असेल तर मागा. रक्कम लहान असते म्हणून मुलं सोडून देतात. मागायची मुदत असते, ती विचारा. दुसऱ्या विद्यापीठात एमए-एमकॉमला जाणार असाल तर मायग्रेशन आणि टीसीची चौकशी करा, परदेशी शिकायचं असेल तर ट्रान्सक्रिप्टची. पदवी डिजिलॉकरवर दिसते का ते तिथेच मोबाइलवर उघडून बघा. दिसत नसेल तर बहुतेक वेळा नाव किंवा जन्मतारीख जुळत नसते आणि समोर क्लार्क असतानाच ते कळलेलं बरं.

लॅमिनेशन करू नका. हे मी दर वर्षी माइकवर सांगते आणि दर वर्षी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गर्दी होते. आखातात किंवा इतर देशांत जायचं तर मूळ प्रमाणपत्राच्या पाठीवर शिक्के बसतात, प्लास्टिकवर ते कसे बसणार? पारदर्शक फोल्डरमध्ये सपाट ठेवा, पावसाळ्यात कपाटाच्या वरच्या खणात.

शिक्क्यांचं थोडक्यात: आधी राज्य शासनाची साक्षांकनाची पायरी, मग परराष्ट्र मंत्रालयाची. देश कागदपत्रांच्या हेग करारात असेल तर अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा तो एक शिक्का, पुरतं. ओमान, बहारीन आहेत, सौदी अरेबिया 2022 पासून आहे. करारात नसलेल्या देशासाठी वर त्यांच्या वकिलातीचाही शिक्का. परराष्ट्र मंत्रालयाची स्वतःची अपोस्टिल फी 50 रुपये आहे. एजंट हजारो सांगतो तेव्हा बाकीचे कशाचे, ते पावतीवर लिहून मागा.

संघात या, पण डोळे उघडे ठेवून

पदवी घेऊन खाली उतरलात की डाव्या हाताला आमचं टेबल असतं. फॉर्म भरा, नंबर द्या. नंबर बदलला की कळवा; आमच्या यादीतले कितीतरी नंबर आता दुसऱ्याच कुणाचे आहेत.

कॉलेजला माजी विद्यार्थी हवेच असतात, त्याचं एक कारण नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था. त्यांच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचे वेगळे गुण आहेत आणि संघ नोंदणीकृत आहे का, हेही विचारतात. म्हणून समिती येणार असली की फोन येतात. मी त्याबद्दल कुरकुर करत नाही, जाते, समितीशी बोलते, आणि त्याच आठवड्यात लायब्ररीच्या पंख्यांचा विषय काढते. तेव्हा कामं पटकन होतात.

कुणाच्या कॉलेजात संघच नसेल आणि काढायचा असेल तर संस्था म्हणून नोंदणीला किमान सात जण लागतात, आणि अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. सात सह्या मिळतात. दर वर्षी हिशोब तपासून देणारा एक माणूस मिळणं कठीण, तो आधी शोधा.

पैसे देताना पावती घ्याच. आयकराच्या ज्या सवलतीला सगळे 80जी म्हणतात ती जुन्या करप्रणालीतच मिळते, संस्थेला तशी मान्यता असली तरच, आणि रोख दिलेत तर 2,000 रुपयांपर्यंतच. बाहेरगावच्यांचं वेगळं. मस्कतला नोकरी करणाऱ्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याने बँकेतून पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पण जो कॅनडाचा नागरिक झाला, त्याचे ठरतात, मग तो वसईतल्याच नंदाखालला जन्मलेला का असेना. त्यासाठी संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. भावाच्या खात्यातून फिरवून पाठवतो, असं कुणी प्रेमाने म्हटलं तर प्रेमानेच नाही म्हणा.

पदवीधर म्हणून मत

हे कुणी सांगतच नाही. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, नोंदणीकृत पदवीधर 10 प्रतिनिधी निवडून देतात. मागची निवडणूक सप्टेंबर 2024 मध्ये झाली. त्यासाठी विद्यापीठाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. विधान परिषदेचा कोकण पदवीधर मतदारसंघ आणखी निराळा: पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पदवीला 1 नोव्हेंबरच्या आधी तीन वर्षं झालेली हवीत आणि फॉर्म 18 भरायचा. दर निवडणुकीला यादी कोरी सुरू होते, जुन्या यादीतलं नाव पुढे येत नाही. मागचं मतदान 26 जून 2024 ला झालं, मुदत सहा वर्षांची. म्हणजे आत्ता गाऊन घालणाऱ्यांना पुढची मिळेल. पदवीची प्रत हाताशी ठेवा.

मेळावा कधी

ईस्टरनंतर लग्नं, मेमध्ये आंबे आणि गाव, मग पाऊस, मग गणपती. आम्ही सगळं करून बघितलं. बोटीवरचे, आखातातले, कॅनडातले एकत्र सापडतात ते नाताळात. 25 तारीख घरची, 26 ला लोक झोपलेले असतात. 28 किंवा 29 डिसेंबरला संध्याकाळी पाचला ठेवा. साडेसहापर्यंत कुणी येणार नाही, हे धरून स्वयंपाक्याला आठची वेळ द्या.

निवृत्त शिक्षकांना मेसेज पाठवून चालत नाही, घरी जाऊन बोलवा, आणि न्यायला-आणायला गाडी ठरवा. स्मृतिचिन्ह देऊ नका, त्यांच्या कपाटात जागा उरलेली नसते. सोनचाफ्याची फुलं आणि सुकेळीचा पुडा द्या. सुकेळी आयत्या वेळी मिळत नाही. राजेळी केळी उन्हात वाळायला दिवस लागतात, तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा.